कप्तान स्कॅमन आणि करडे देवमासे

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं त्यांच्या गुणांचें अनुकरण करतां यावें म्हणून, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु कांहीं चरित्रांत अनुकरण करण्याजोगें जितकें असतें, तितकेंच टाळण्याजोगेंहि असतें, आणि तें सर्व एकाच माणसाच्या हातून घडलेलें असतें. अशीं चरित्रें वाचतांना मन थोडें अस्वस्थ होतें. पण त्यांपासून होणारा बोध फार खोल जातो. यंदा आमच्या वाचकांपुढें आम्ही जें चरित्र ठेवीत आहों, तें ह्या दुसऱ्या प्रकारचें आहे. चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन हा अमेरिकेंतील एक जहाजाचा कप्तान. पॅसिफिक महासागराच्या पूर्व किनाऱ्यावरील करड्या देवमाशांची वंशभूमि त्यानें जगाला उघडी करून दिली, आणि तेथें त्यांचा संहार झाला. पुढें त्याच देवमाशांचें पहिलें विश्वसनीय वर्णनहि त्यानेंच लिहिलें, आणि हा प्राणी पृथ्वीवरून नाहींसा होईल अशी भीति त्यानेंच व्यक्त केली. ज्याच्या हातीं भाला होता, त्याच्याच हातीं पुढें लेखणी कशी आली, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या चरित्राचा दुसरा नायक म्हणजे तो देवमासाच होय. म्हणून प्रथम त्याची ओळख करून घेऊं. देवमासा हा नांवाचा मासा. गाईम्हशींप्रमाणें तो उष्ण रक्ताचा असून त्याची मादी आपल्या पिलास दूध पाजते. त्यास कल्ले नसतात. श्वास घेण्यासाठीं त्याला पुनःपुन्हां पाण्याच्या पृष्ठभागावर यावें लागतें. करडा देवमासा चाळीस ते पंचेचाळीस फूट लांब वाढतो. त्याच्या तोंडांत दांत नसतात. वरच्या जबड्यापासून कंगव्याच्या दात्यांसारख्या पातळ पट्ट्यांची झालर लोंबत असते. उन्हाळ्यांत उत्तरेकडील बेरिंग समुद्रांत व त्याच्याहि पलीकडे जाऊन तो तळाशीं कुशीवर वळतो, चिखल तोंडांत ओढतो, आणि झालरींतून पाणी व गाळ बाहेर टाकून त्यांतील बारीक जीव गिळतो. हिंवाळा आला कीं तो दक्षिणेकडे निघतो आणि किनाऱ्याकिनाऱ्यानें मेक्सिको देशाच्या बाहा कॅलिफोर्निया ह्या द्वीपकल्पापर्यंत येतो. येण्याजाण्याचा हा प्रवास दहा हजार मैलांहून अधिक होतो. तेथील उथळ व उबदार खाड्यांत माद्या पिलांस जन्म देतात. वर्षाहून अधिक काळ गर्भ वाहून एका मादीस एकच पिलूं होतें; म्हणून ह्या प्राण्याची संख्या एकदां घटली म्हणजे ती भरून येण्यास फार वर्षें लागतात.

आतां त्याच्या मागें माणूस कां लागला, तें सांगितलें पाहिजे. त्याचें कारण तेल. ज्या काळीं विजेचे दिवे नव्हते आणि घासलेटहि घरोघर पोंचलें नव्हतें, त्या काळीं युरोप व अमेरिकेंतील अनेक दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. नवीन निघालेल्या यंत्रांच्या चाकांनाहि तेंच तेल लागे. देवमाशाच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो. ती चरबी कापून कढईंत उकळली कीं तेल निघतें. करड्या देवमाशाचें तेल फार उत्तम प्रतीचें समजत नसत, तरी बाजारांत त्याला गिऱ्हाईक होतें, आणि गिऱ्हाईक असलें म्हणजे शिकारी मिळतोच.

स्कॅमनचा जन्म ता. २८ मे १८२५ रोजीं अमेरिकेच्या मेन संस्थानांतील पिट्सटन ह्या गांवीं झाला. हा गांव केनेबेक नदीच्या कांठीं वसलेला आहे. त्या किनाऱ्यावरील मुलांना जहाजांचें वेड लहानपणापासूनच असावयाचें. त्याच्या एका भावानें शिकागो शहरांत वकिलीत व पेढीच्या धंद्यांत नांव मिळविलें, दुसरा सैन्यांत सेनापतीच्या पदाला चढला. परंतु चार्ल्सचें मन समुद्राकडे लागलें होतें. तरुण वयांतच तो जहाजावर गेला, आणि पंचविशी गांठण्यापूर्वींच मालाच्या जहाजाचा कप्तान झाला.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता सर्व जगभर पसरली. सन १८५० मध्यें स्कॅमन सॅन फ्रॅन्सिस्को बंदरांत येऊन पोंचला. तेथें सोन्याच्या आशेनें आलेल्या माणसांची एवढी गर्दी झाली होती कीं, खलाशी जहाजें सोडून खाणींकडे पळत आणि बंदरांत रिकामीं जहाजें नांगरून पडत. स्कॅमन खाणींत उतरला नाहीं. समुद्रावरच राहण्याचा त्याचा हट्ट होता. पण मालवाहू जहाजाची चांगली कप्तानकी त्याला मिळेना. शेवटीं १८५२ मध्यें सील, सागरी हत्ती व देवमासे ह्यांच्या शिकारीस जाणाऱ्या एका जहाजाची कप्तानकी त्यानें पत्करली. हा धंदा त्याच्या आवडीचा नव्हता. एक तर तो पत्करावा, नाहीं तर कांहीं काळ समुद्र सोडावा, एवढेंच त्याच्यापुढें होतें. पुष्कळ माणसांच्या आयुष्यांतील मोठे निर्णय असेच होतात. माणूस एखादें काम तात्पुरतें म्हणून हातीं घेतो, आणि त्या कामानेंच त्याचें नांव पुढें ओळखलें जातें.

करड्या देवमाशांची शिकार त्या वेळीं मॅग्डालेना नांवाच्या खाडींत चालत असे. तिची रीत अशी : जहाज खाडींत नांगरून ठेवावयाचें, आणि सहा सहा माणसांच्या लहान होड्या देवमाशाच्या मागें सोडावयाच्या. दोर बांधलेला भाला प्रथम त्याच्या अंगांत रुतवावयाचा, आणि तो दमला म्हणजे जवळ जाऊन दुसऱ्या लांब भाल्यानें त्याचा प्राण घ्यावयाचा. खाड्यांत आलेल्या देवमाशांपैकीं बऱ्याच माद्या असत आणि त्यांच्याजवळ नुकतींच जन्मलेलीं पिलें असत. पिलूं जवळ असलें म्हणजे आई त्याला सोडून पळत नाहीं, हें शिकाऱ्यांना ठाऊक होतें. तिचें तें वात्सल्यच तिचा घात करी. मात्र ती मुकाट्यानें मरत नसे. पिलाच्या रक्षणासाठीं ती होड्यांवर उलटून येई, शेपटीच्या तडाख्यानें फळ्यांचा चुराडा करी, आणि माणसांचीं हाडें मोडी. म्हणून शिकाऱ्यांनीं ह्या प्राण्याला सैतानाचें नांव ठेविलें होतें. आपल्या लेंकरासाठीं झगडणाऱ्या आईला सैतान म्हणणारे ते लोक कोणी राक्षस नव्हते. पोटासाठीं घर सोडून आलेलीं तीं साधीं माणसें होतीं. परंतु ज्याला मारून पोट भरावयाचें, त्याला आधीं वाईट नांव ठेवावें, ही माणसाची जुनी खोड आहे.

सन १८५७ च्या अखेरीस स्कॅमननें तें कृत्य केलें, ज्यामुळें त्याचें नांव नकाशावर राहिलें. बाहा कॅलिफोर्नियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहो दे लिएब्रे नांवाची एक विस्तीर्ण खाडी आहे. तिच्या तोंडाशीं वाळूचे दांडे पसरलेले असून त्यांवर लाटा सतत फुटत असतात. असल्या ठिकाणीं मोठें जहाज नेणें म्हणजे संकटाला आमंत्रण, असें त्या काळचे कप्तान समजत. स्कॅमन 'बॉस्टन' नांवाचें जहाज व त्याच्या मदतीला एक लहान गलबत घेऊन तेथें आला. गलबतावरील माणसांनीं पाण्याची खोली मापीत वाट शोधून काढली, आणि त्या वाटेनें 'बॉस्टन' हळूहळू आंत शिरलें. आंत पाहतात तों शांत पाणी दूरवर पसरलेलें, चारी बाजूंस ओसाड वाळवंट, आणि पाण्यांत ठिकठिकाणीं देवमाशांच्या श्वासाचे फवारे उडत आहेत! माणसाची होडी काय असते हें त्या देवमाशांना अजून ठाऊक नव्हतें.

पहिल्या दिवशीं शिकार सहज साधली. परंतु लौकरच रंग पालटला. अरुंद पाण्यांत माद्या उलटून अंगावर येऊं लागल्या. होड्या फुटल्या, आणि बरेच खलाशी जखमी झाले. जे धडधाकट राहिले त्यांचा धीर इतका खचला कीं, देवमासा जवळ येतांच त्यांनीं होडींतून पाण्यांत उड्या टाकल्या. कांहीं दिवस शिकार अगदीं बंद पडली. जहाज रिकामें, माणसें पंगु आणि खर्च तर चालूच! अशा स्थितींत स्कॅमननें एक युक्ति काढली. देवमासे खाडींतील खोल वाटेनें ये-जा करीत. दोन्ही बाजूंचें उथळ पाणी त्यांना पोहण्याजोगें नव्हतें. त्यानें होड्या त्या उथळ पाण्यांत नांगरून ठेविल्या आणि वाटेनें जाणाऱ्या देवमाशांवर बंदुकीनें स्फोटक बाण सोडण्याचा हुकूम दिला. हा बाण अंगांत शिरून आंत फुटतो. आतां आईला उलटून येतां येईना, कारण शिकारी तिच्या आवांक्याबाहेर होते. त्या दिवसापासून ती झुंज संपली आणि कत्तल सुरू झाली. पुढें तेल इतकें निघालें कीं पिंपें पुरेनात. पावाचीं पिंपें, चरबी कापण्याचे हौद, इतकेंच नव्हे तर तेल काढण्याच्या कढयासुद्धां तेलानें भरून जहाज जड होऊन सॅन फ्रॅन्सिस्कोला परतलें.

अशी गोष्ट फार दिवस गुप्त राहत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं स्कॅमन पुन्हां त्या खाडीकडे गेला, तेव्हां इतरहि जहाजें तेथें येऊन दाखल झालीं. सन १८५९ च्या हिंवाळ्यांत सॅन इग्नेसिओ नांवाच्या आणखी एका खाडींत शिरून त्यानें तीहि शिकारीसाठीं खुली केली. थोड्याच वर्षांत ह्या खाड्या जवळजवळ ओस पडल्या. इकडे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरहि शिकारीचीं ठाणीं उभीं राहून जातां-येतां देवमासे मारले जाऊं लागले. जन्मस्थान आणि वाट अशीं दोन्हीं ठिकाणें माणसानें अडवून धरलीं, मग वंश टिकावा कसा? ज्या किनाऱ्यावर फवारे उडत, तेथें आतां हाडांचे सांगाडे उन्हांत पांढरे पडत होते.

येथें एका योगायोगाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ज्या १८५९ सालीं स्कॅमन सॅन इग्नेसिओच्या खाडींत शिरला, त्याच सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथून हजारों मैल दूर, पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील टायटसव्हिल गांवाजवळ, एड्विन ड्रेक ह्यानें जमिनींत भोंक पाडून खनिज तेल काढलें. त्यापासून घासलेट होऊं लागलें. तें स्वस्त होतें, आणि त्यासाठीं समुद्रावर जीव धोक्यांत घालावा लागत नसे. दिव्यांतून देवमाशाचें तेल हळूहळू मागें पडलें. कोणासहि वाटेल कीं, आतां देवमासे सुटले. परंतु तसें झालें नाहीं. पुढें वाफेचीं जहाजें व तोफेंतून उडणारे भाले निघाले, देवमाशाच्या चरबीचे साबणासारखे निराळे उपयोग निघाले, आणि विसाव्या शतकांत शिकार पूर्वीपेक्षांहि वाढली. ज्या खनिज तेलानें देवमाशाची जागा घेतली, तेंच पुढें समुद्रांत उतरून त्याच्या वाटेंत उभें राहिलें. ती हकीकत पुढें येईलच.

अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां स्कॅमन शिकारीचा धंदा सोडून सरकारी जकात खात्याच्या गस्ती जहाजांवर रुजू झाला. सन १८६५ मध्यें एका मोठ्या योजनेंत त्याला मानाची जागा मिळाली. अलास्का व सायबेरिया ह्यांमधून तारायंत्राची तार नेऊन अमेरिका व युरोप जोडावयाचा अशी ती योजना होती, आणि तिच्या सर्व जहाजांचा मुख्य म्हणून स्कॅमनची नेमणूक झाली. इतक्यांत १८६६ मध्यें अटलांटिक महासागराच्या तळाशीं घातलेली तार यशस्वी झाली व ही योजना सोडून द्यावी लागली. परंतु स्कॅमनच्या दृष्टीनें तीं वर्षें वायां गेलीं नाहींत. त्या मोहिमेवर विल्यम डॉल नांवाचा तरुण सृष्टिशास्त्रज्ञ होता. त्याच्या सहवासांत स्कॅमनच्या मनांत पूर्वींपासून असलेल्या जिज्ञासेला वळण लागलें.

कारण शिकारी असतांनाहि त्याचे डोळे उघडे होते. मारलेल्या देवमाशाची लांबी, शेपटीची रुंदी, चरबीच्या थराची जाडी हीं सर्व मापें घेऊन तो टिपून ठेवीत असे. शरीराचीं चित्रें काढी, पोटांत काय सांपडलें तें पाही, कोणत्या महिन्यांत कोठें किती दिसले ह्याची नोंद करी. त्या काळच्या पुष्कळ पंडितांनीं देवमासा पाहिला होता तो किनाऱ्यावर कुजलेला किंवा पदार्थसंग्रहालयांतील हाडांच्या रूपानें. पाण्यांत जिवंत हिंडणारा देवमासा कसा वागतो, हें सांगणारा माणूस त्यांच्यांत विरळाच होता. स्कॅमन सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मासिकांत लेख लिहूं लागला, आणि १८६९ मध्यें फिलाडेल्फियाच्या एका विद्वन्मंडळाच्या नियतकालिकांत देवमाशांविषयींचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. गस्तीच्या नोकरींतून वेळ काढून एका खलाशानें हें सर्व करावें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

सन १८७४ मध्यें त्याचा ग्रंथ बाहेर पडला. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समुद्रचर सस्तन प्राण्यांचें वर्णन व अमेरिकेच्या देवमाशांच्या शिकारीचा इतिहास असे त्याचे मुख्य विषय आहेत. ग्रंथांत सुंदर चित्रें आहेत. त्यांत त्यानें आपली स्तुति केलेली नाहीं आणि आपला दोषहि लपविलेला नाहीं. खाडींत काय घडलें, होड्या कशा फुटल्या, बाणांची युक्ति कशी निघाली, पिलाजवळ आई कशी राहते, हें सारें त्यानें जसेंच्या तसें मांडलें. शेवटीं त्यानें हिशेब केला. पूर्वीं ऐन हंगामांत किनाऱ्यावरून दिवसाला सुमारें एक हजार करडे देवमासे दक्षिणेकडे जात, असा त्याचा अंदाज होता. ग्रंथ लिहावयाच्या सुमारास ती संख्या दिवसाला अवघ्या चाळिसावर आली होती. ह्यावरून हा प्राणी लौकरच पॅसिफिकमधून नामशेष झालेल्यांत गणला जाईल कीं काय, अशी शंका त्यानें स्पष्ट शब्दांत नमूद केली. हल्लींच्या शास्त्रज्ञांना त्याचा पहिला आंकडा फुगलेला वाटतो. परंतु संहार झाला व तो भयंकर होता, ह्याविषयीं दुमत नाहीं.

त्याला पश्चात्ताप झाला होता काय? तसें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्याच्या लिहिण्यांत रडगाणें नाहीं. परंतु आपण केलेल्या कर्माचा खरा हिशेब, एकहि आंकडा न दडवितां, लोकांपुढें ठेवणें हें आमच्या मतें लहान काम नव्हे. अश्रु पुष्कळ ढाळतात. वही उघडी करणारे थोडे.

त्या ग्रंथाचा खप मात्र फारसा झाला नाहीं. न विकल्या गेलेल्या बऱ्याच प्रती सॅन फ्रॅन्सिस्कोंत पडून होत्या, त्या १९०६ सालच्या भूकंपानंतरच्या आगींत जळून गेल्या. स्कॅमनची प्रकृति बिघडल्यामुळें त्याचीं उत्तरवयांतील कांहीं वर्षें कॅलिफोर्नियांतील सेबास्टोपोल गांवाजवळच्या आपल्या शेतावर गेलीं. ता. २ मे १९११ रोजीं, वयाचें ८६ वें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस उरले असतां, त्यानें देह ठेविला. त्या वेळीं करडे देवमासे इतके दुर्मिळ झाले होते कीं, ते संपलेच असें कित्येकांस वाटूं लागलें होतें. पुढच्याच वर्षीं रॉय चॅपमन अँड्रूज ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें कोरियाच्या किनाऱ्यावर ते पाहिले, तेव्हां पंडितांना आश्चर्य वाटलें.

पुढें जगाचे डोळे उघडले. सन १९३७ मध्यें लंडन येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें करड्या देवमाशांची शिकार निषिद्ध ठरली, आणि १९४६ च्या करारानें देवमाशांच्या रक्षणाची कायमची व्यवस्था लागली. सन १९७२ मध्यें मेक्सिको सरकारनें ओहो दे लिएब्रेची खाडी देवमाशांचें अभयस्थान म्हणून जाहीर केली. स्कॅमन जेथें स्फोटक बाण घेऊन शिरला, तीच ही खाडी. हिला आजहि स्कॅमनची खाडी असें म्हणतात. अमेरिकेच्या बाजूचे देवमासे इतके वाढले कीं, १९९४ मध्यें अमेरिकन सरकारनें त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून काढलें, आणि २०१६ च्या सुमारास त्यांची संख्या २७,००० च्या आसपास गेली. परंतु २०१९ पासून त्यांच्यांत पुन्हां मोठी मर झाली. उत्तरेकडील समुद्रांत त्यांचें अन्न पूर्वीसारखें राहिलें नाहीं, हें त्याचें एक मुख्य कारण समजतात.

आतां तेलाची दुसरी हकीकत. सन १९६८ मध्यें स्कॅमनचा विस्मृत ग्रंथ पुन्हां छापला गेला. त्याच्या पुढल्याच वर्षीं, ता. २८ जानेवारी १९६९ रोजीं, कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा गांवासमोर सुमारें सहा मैलांवर समुद्रांत खोदल्या जात असलेल्या एका तेलविहिरींतून तेल उसळलें. विहिरीला संरक्षक नळी असते. ती नेहमींच्या नियमापेक्षां कमी खोल घालण्याची सवलत कंपनीला मिळालेली होती. वरचें तोंड बंद केलें, तर तळाला भेगा पडून तेल त्यांतून येऊं लागलें. मैलोगणती समुद्रावर काळा तवंग पसरला, आणि हजारों पक्षी मेले. नेमक्या त्याच दिवसांत करडे देवमासे त्या किनाऱ्यावरून प्रवास करीत होते. त्या हंगामांत कांहीं मेलेले देवमासे किनाऱ्यास लागले. ते तेलानेंच मेले असें सिद्ध करतां आलें नाहीं. परंतु श्वासासाठीं वर येणाऱ्या प्राण्याला तवंगांतूनच श्वास घ्यावा लागतो. विषारी वाफा त्याच्या फुप्फुसांत जातात, तेल तोंडांतील झालरीला चिकटतें, आणि तळाला बसलेलें तेल त्याच्या अन्नांत शिरतें, हें समजण्यास पांडित्य लागत नाहीं. त्या अपघातानें अमेरिकन लोक खडबडून जागे झाले, आणि सृष्टीच्या रक्षणाचे महत्त्वाचे कायदे पुढील वर्षांत झाले.

पॅसिफिकच्या पश्चिम बाजूस तर धोका अधिक नाजूक आहे. रशियाच्या साखालिन बेटाजवळ उन्हाळ्यांत चरावयास येणाऱ्या करड्या देवमाशांची संख्या ह्या शतकाच्या आरंभीं शंभराच्या आसपास होती, आणि नेमकें त्यांच्या कुरणाजवळच समुद्राखालीं तेल सांपडलें. शास्त्रज्ञांनीं व जगांतील अनेक संस्थांनीं आग्रह धरला, तेव्हां २००५ मध्यें कंपनीनें आपल्या नळांचा मार्ग दक्षिणेकडे सरकविला, आणि पुढें कामाच्या आवाजानें देवमासे कुरण सोडूं नयेत म्हणून तज्ज्ञांच्या मंडळाची देखरेख ठेवण्यांत आली. सावधगिरी शक्य असते, हें ह्यावरून दिसतें. ती न ठेविली तर काय होतें, तें ता. २० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत दिसलें. तेथें विहिरीचा स्फोट होऊन ११ कामगार प्राणास मुकले, आणि ८७ दिवस तेल समुद्रांत वाहत राहिलें. त्या आखातांत राहणाऱ्या एका जातीचे देवमासे आज शंभराहूनहि कमी उरले आहेत.

ही दूरदेशची कथा, आपणांस तिचें काय, असें कोणी म्हणूं नये. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्रांत, १९७४ मध्यें तेल सांपडलें, आणि तेव्हांपासून तेथें विहिरी चालू आहेत. ह्याच अरबी समुद्रांत कुबड्या देवमाशांचा एक लहानसा कळप आहे. तो इतरांप्रमाणें दूरच्या थंड समुद्रांत जात नाहीं, वर्षभर येथेंच राहतो, आणि त्याची गणना जगांतील अत्यंत संकटग्रस्त देवमाशांत होते. कोंकणच्या किनाऱ्यावरील आमच्या कित्येक वाचकांनीं वाळूंत लागलेला मेलेला देवमासा पाहिलाहि असेल. आपल्या घरांतील चूल, रस्त्यावरील मोटार व समुद्रावरील गलबत हीं सर्व तेलावर चालतात. म्हणून तेल काढूं नका असें म्हणणें सोपें नाहीं, आणि तसें आम्ही म्हणत नाहीं. स्कॅमनच्या काळच्या गृहस्थांनाहि रात्रीं दिवा लागतच होता. पण त्या दिव्याखालीं वाचीत बसलेल्यांना, त्याचें तेल कोठून आलें, हें ठाऊक नव्हतें. आपणांस तें ठाऊक आहे. काम कोठें करावें, कोणत्या महिन्यांत थांबावें, नळी किती खोल घालावी आणि सवलत कोणाला देऊं नये, हे प्रश्न विचारण्याचें कर्तव्य ह्या जाणिवेबरोबरच आपल्यावर येतें.

सॅन इग्नेसिओच्या खाडींत १९७० नंतरच्या दशकांत एक नवल घडूं लागलें, तें सांगून हें चरित्र पुरें करूं. कोळ्यांच्या लहान होड्यांजवळ करड्या देवमाशांच्या माद्या आपण होऊन येऊं लागल्या. त्या आपल्या पिलांनाहि होडीच्या कडेला आणतात, आणि माणसानें हात लावला तरी दूर जात नाहींत. ज्या जातीला माणसानें सैतान म्हटलें, ती ही. ज्या खाडींत होडी दिसतांच माणूस व देवमासा ह्यांपैकीं कोणी तरी मरत असे, ती खाडीहि हीच. त्या प्राण्यांनीं क्षमा केली असें म्हणणें म्हणजे आपल्या मनांतील भाव त्यांच्या माथीं मारणें होईल. खरी गोष्ट इतकीच कीं, तेथें तीन पिढ्या कोणीं त्यांच्यावर भाला उगारला नाहीं. स्कॅमननें आपल्या वहींत जो हिशेब लिहून ठेविला, तो वाचून पुढच्या लोकांनीं हात आवरला, म्हणून तीं पिलें आज तेथें जन्मास येतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें कप्तान होतील, कोणी यंत्रशास्त्रज्ञ होऊन समुद्रांतील विहिरींवर कामास जातील. त्यांच्या हातूनहि चुका होतील, कारण चूक कोणास सुटली आहे? परंतु त्यांनीं आपली वही उघडी ठेवावी आणि वेळींच वाचावी, एवढेंच आमचें मागणें आहे.